टायरच्या रबराचं घमेलं: घोड्याच्या चंदीसाठी घ्यावंच असं

गवंडी माल कालवायला वापरतात त्याच जातीचं हे घमेलं, फक्त तोंडाला जास्त रुंद आणि अंमळ खोल. जुन्या टायरच्या रबराचं. नेरळला बाजारात 380 रुपयांना एक पडलं, मी दोन घेतली. सहा महिने रोज वापरतेय. दारात घोडा असेल तर घ्याच, असं मनापासून सांगते. का, ते सांगायला मे महिन्यातली एक रात्र सांगावी लागेल.

माथेरानची लाल माती तुम्ही पाहिली असेल. उन्हाळ्यात ती पिठासारखी होते. आमच्या घरी तीन घोडे, आणि चंदी द्यायची पद्धत सासऱ्यांच्या वडिलांपासूनची: जमिनीवर पोतं पसरायचं, त्यावर कोंडा आणि भिजवलेला हरभरा ओतायचा. घोडा पोत्यावरचं संपवतो, मग नाकाने पोतं सरकवून कडेला सांडलेला एकेक दाणा ओठांनी टिपतो. दाण्याबरोबर माती जातेच. वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत चाललेलं, पण कधी मनात आलं नाही.

त्या दिवशी आमची घोडी लाली संध्याकाळची शेवटची फेरी करून आली आणि चंदीला तोंड लावेना. पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ उलटा करायची, बसायची, लगेच उठायची. दुपारपासून लीद नव्हती. मामंजी म्हणाले, “पोट धरलंय हिने, बाटलीने तेल पाजू.” मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवरच ओरडले, “ताई, तोंडातून काही ओतू नका! तेल फुप्फुसात गेलं तर घोडी हाताची जाईल.” समोरचं खाणं काढायला सांगितलं. जबड्याखालची नाडी बोटांनी धरून मोजायला लावली. उभ्या घोड्याचे मिनिटाला 44 पर्यंत ठोके ठीक, लालीचे 56 भरले.

गाडी माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे येत नाही. डॉक्टर रात्री अकराला बॅटरीच्या उजेडात, पाठीवर पिशवी घेऊन चालत आले. आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, मग नाकातून नळी थेट जठरात घातली. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठरात पाणी तुंबलं तर ते फुटू शकतं, हे मला तेव्हा कळलं. तुंबलेलं काही निघालं नाही तसं त्याच नळीने औषधाचं तेल सोडलं. मग स्टेथोस्कोप कानाला लावून ते पार बेंबीजवळ पोटाखाली वाकले आणि मला ऐकायला दिलं. किनाऱ्यावरून लाट परतताना वाळू सरकते ना, हुबेहूब तसा आवाज. मोठ्या आतड्यात माती साचली होती.

पहाटे साडेचारला तिने लीद टाकली. मी तिथेच रडले.

त्यातले पाच-सहा गोळे डॉक्टरांनी बादलीत पाणी घेऊन विरघळवले आणि बादली तशीच ठेवली. सकाळी वरचं पाणी हळूच ओतून दिलं तर तळाला बोटाच्या पेराएवढा लाल थर. आमच्या अंगणातलीच माती. हात घालून चोळली तर कण बोटांना कुरकुरत होते.

पुढे औषध म्हणून इसबगोल, लालीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. भिजलं की त्याचा बुळबुळीत लगदा होतो, म्हणून अगदी खायला देतानाच कालवायचं. फारसीत या शब्दाचा अर्थ घोड्याचा कान, बी तशा आकाराचं असतं म्हणून, हेही त्यांनीच सांगितलं. पण वरून माती जातच राहिली तर इसबगोल किती काढणार? म्हणून हे घमेलं.

आता घमेल्याबद्दल. काठ उंच असल्याने दाणा बाहेर फारसा सांडत नाही. घोडा मान खाली घालूनच खातो, जी त्याची नैसर्गिक पद्धत आहे. पाय पडला तरी तडकत नाही. आमचं प्लॅस्टिकचं टोपलं आठवड्यात तडकून त्याची धार लालीच्या ओठाला लागली होती. तळ गुळगुळीत असल्याने धुवायला सोपं.

दोषही आहेत. नव्याला रबराचा उग्र वास येतो. लालीने दोन दिवस हुंगून तोंड फिरवलं. साबणाने धुऊन चार दिवस उन्हात टाकलं तेव्हा वास गेला. काठाला एके ठिकाणी तार वर आली होती, ती ठोकून बसवली. घेताना हात फिरवून बघाच. आणि चंदी संपली की आमचा दुसरा घोडा, राजा, पायाने ते उलथवतो. त्यावर उपाय म्हणजे गाडीच्या जुन्या टायरमध्ये घमेलं घट्ट बसवायचं, हलत नाही.

वाळलेलं गवत यात मावत नाही. त्यासाठी फरशीचा तुकडा घातलाय आणि तो रोज झाडते. तेवढं कष्टाचं आहे, पण सोडलेलं नाही.

बादलीची परीक्षा मी अजून दर पंधरा दिवसांनी करते. गेल्या रविवारी लालीच्या बादलीच्या तळाला नुसती लालसर रेघ होती. राजाच्या बादलीत अजून थर दिसतो, तो घमेल्याबाहेरचं फार हुंगतो. तिसरं घमेलं त्याच्यासाठी या आठवड्यात आणतेय, थोडं खोल मिळालं तर बरं.