शोफार घेताय? मेंढ्याचाच घ्या, ते लांबडं पिळाचं शिंग राहू दे

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, आपलं ज्यूंचं नवं वर्ष, जवळ आला की फॅमिली ग्रुपवर तोच प्रश्न, शोफार, म्हणजे सणाला फुंकायचं शिंग, कसला घ्यायचा, म्हणून एकदाच लिहून टाकते. आम्ही पोरासाठी जेरुसलेमला मेआ शेआरिम या धार्मिक ज्यूंच्या वस्तीतल्या एका छोट्या दुकानातून घेतला, मेंढ्याच्या शिंगाचा, अर्धा पॉलिश अर्धा खडबडीत. दुकानदार आजोबा जरा तिरसट, पण वाजवून बघू देतात आणि तेच महत्त्वाचं, प्रत्येक शिंगाचा आवाज वेगळा, ऑनलाइन काय कळणार!

पोराचा डोळा होता कुडूच्या शिंगावर. आफ्रिकेतलं हरणासारखं जनावर ते, शिंग लांबच लांब, येमेनी लोक वाजवतात, आवाज भारदस्त, फोटोला तर एक नंबर. पण मला विचाराल तर रोश हशानाला मेंढाच हवा. सणाच्या दुसऱ्या दिवशी आपण तोराहमधून वाचतो काय, अब्राहाम इसहाकाचा बळी द्यायला निघाला आणि झुडपात शिंगं अडकलेला मेंढा त्याच्या जागी गेला. आणि जुन्या मिद्राशात, म्हणजे धर्मगुरूंनी शास्त्रावर सांगितलेल्या कथांत, सांगतात की त्या मेंढ्याचं काहीच वाया गेलं नाही, डावं शिंग सिनाय पर्वतावर वाजलं, उजवं मोठं ते विखुरलेले सगळे ज्यू परत येतील तेव्हासाठी राखून ठेवलंय, शिरांच्या तारा दाविदाच्या वीणेला, आणि कातडीचा कमरपट्टा कोणाला? आपल्या एलियाहू हनाबींना, एलिया प्रेषितांना! त्यांच्या नावाचे एवढे मलिदे खाल्ले लहानपणी, हे कोणी सांगितलंच नाही.

गाईचं शिंग मात्र मिश्ना या जुन्या नियमग्रंथाप्रमाणे चालत नाही. त्यावर चर्चा करणाऱ्या तल्मूदातले रब्बी म्हणतात, पूर्वजांनी सोन्याचं वासरू पुजलं ते पाप डोक्यावर असताना त्याच जातीचं शिंग घेऊन माफी मागायला कसं जायचं, फिर्यादीच वकील कसा होणार? मस्त लॉजिक आहे.

घेताना उजेडात धरून उभी चीर नाही ना बघा, आणि तोंड लावतात तिथे सोन्याचा मुलामा असला तर घेऊ नका, तो चालत नाही. वास येतो हां, खरं शिंग आहे, आमचं घर काही दिवस मटणाचं दुकानच झालं होतं. अर्धा स्टार त्याचा कापला, बाकी साडेचार. फुंकताना गाल फुगवू नका, ओठ ताणून धरा, सणाला 100 फुंका असतात, दम पुरला पाहिजे. सणाआधीच्या एलुल महिन्यात दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, त्याआधीच जा, आणि शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका, शब्बाथच्या सुट्टीसाठी शटर बंद मिळेल.