उत्तर द्यायचं बटण नसलेली चर्चा : पोल.इस वापरून पाहिल्यावर

शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता अर्धा-अर्धा तास वाहनांना बंद ठेवावा का, या एका प्रश्नावर आमच्या वस्तीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन महिने धुमसत होता. सभासद तीनशेच्या वर, बोलणारे पंधरा-सोळा. मी रहिवासी मंडळाची सचिव. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे होतं, पण ‘समस्त रहिवाशांचं म्हणणं’ हे शब्द लिहायला हात धजेना. पंधरा जणांचं म्हणणं मला तोंडपाठ होतं, उरलेल्यांचं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून पोल.इस हे लोकांची मतं गोळा करणारं ऑनलाइन साधन वापरायचं ठरवलं. (लिंक पाठवल्यावर दोघांनी घाबरून फोन केला की ही पोलिसांकडून आली आहे का. तेव्हा नाव सांगताना मध्ये थांबून सांगा.)

हे साधन अमेरिकेत सिएटलमध्ये 2012च्या सुमारास सुरू झालं. आता ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणालाही वापरता येतं. वापरणाऱ्याला एका वेळी एकच विधान दिसतं. त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ यांपैकी एक निवडायचं, की दुसरं विधान येतं. काही सुचलं तर स्वतःचं विधान लिहायचं, ते मग इतरांपुढे जातं. दुसऱ्याच्या विधानाखाली उत्तर लिहायची सोय मात्र नाही. सोय राहून गेली असं मला आधी वाटलं होतं. ती मुद्दामच वगळली आहे, आणि माझ्या मते या साधनाचं सगळं बळ त्यातच आहे.

ग्रुपवर काय व्हायचं ते सांगते. कुणी लिहायचं, ‘रस्ता बंद केला तर आजारी माणसाला कसं न्यायचं?’ त्यावर दुसरा लिहायचा, ‘तुमच्या घरात कोण आजारी आहे?’ तिथून पुढे रस्ता बाजूला राहायचा आणि दोन घरांचं जुनं भांडण सुरू व्हायचं. पोल.इसवर ‘रुग्णवाहिकेला कधीही अडवू नये’ एवढंच विधान आलं. खाली कुणाचं नाव नाही, प्रत्युत्तराला जागा नाही. रस्ता बंद व्हावा म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही त्यावर सहमत दाबलं. दोन महिने ज्या मुद्द्यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, त्यावर मुळात मतभेदच नव्हता.

कोणी कोणत्या विधानांवर काय दाबलं हे पाहून यंत्र माणसांचे गट पाडतं. तुम्ही भाडेकरू की मालक, बाई की पुरुष, असं काहीही विचारत नाही. सारखं मत देणारी माणसं मतांच्या नकाशावर जवळ येतात, वेगळं देणारी लांब जातात. आमचे दोन गट पडले. ते पालक आणि बिगरपालक असे पडतील अशी माझी खात्री होती. पण ज्यांची ये-जा त्याच रस्त्यावरून होते त्यांचा एक गट झाला आणि ज्यांना दुसरी वाट आहे त्यांचा दुसरा. माझ्या ओळखीचे कित्येक पालक रस्ता बंद करण्याच्या विरोधात निघाले. साध्या हात वर करण्यात हे कधीच कळलं नसतं.

शेवटी जो अहवाल मिळतो त्यात दोन्ही गटांना मान्य असलेली विधानं वेगळी काढलेली असतात. आमच्याकडे त्यात सगळ्यात वर आलेलं विधान कुणा आजी किंवा आजोबांचं असावं : ‘फुटपाथ मोकळा असेल तर मी नातवंडाला चालत सोडीन.’ दोन महिन्यांच्या वादात फुटपाथ हा शब्द एकदाही आला नव्हता. मी तो अहवाल रात्री पुन्हा पुन्हा वाचला. हे वाक्य लिहिणारी व्यक्ती ग्रुपवर असेलच, आणि तिथे ती कधीच बोलली नव्हती, हे मनातून जाईना.

तैवानचं उदाहरण यासाठीच सांगितलं जातं. 2014च्या मार्चमध्ये तिथे विद्यार्थ्यांनी संसदेचं सभागृह व्यापलं. त्यानंतर सरकार आणि गव्ह-झिरो नावाच्या नागरी तंत्रज्ञांच्या गटाने मिळून लोकांची मतं ऑनलाइन घेऊन धोरण ठरवायची व्ही-तैवान ही प्रक्रिया उभी केली. 2015 साली उबरच्या गाड्यांना कोणते नियम लावायचे हा प्रश्न तिथे पोल.इसवर आला. आधी उबरच्या बाजूचे आणि विरोधातले असे सरळ दोन तट पडले. हळूहळू विमा, नोंदणी, कर अशा मुद्द्यांवर दोघांना पटतील अशी विधानं वर आली. मग उबर, टॅक्सी संघटना आणि मंत्रालयं एकत्र बसली आणि ती बैठक लोकांना थेट पाहता आली. पुढच्या वर्षी नियम आले. एवढं सगळं पोल.इसने केलं असं मात्र म्हणू नका. ती बैठक माणसांनी घडवून आणली होती.

आता अडचणी. विधानाला 140 वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती फार लवकर संपते, कारण काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शाळेच्या’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो आठ वर्णांचा. एकीकडे त्यामुळे वाक्यं नेमकी होतात, दुसरीकडे ज्यांना लिहायची सवय नाही ते अर्ध्यावर सोडून देतात.

सुरुवातीची विधानं आयोजकाने घालायची असतात आणि तिथे चूक महागात पडते. मी एक विधान असं घातलं : ‘रस्ता बंद करावा आणि शाळेच्या बसची जागा बदलावी.’ ज्यांना यातलं एकच हवं होतं त्यांनी काय दाबायचं? बहुतेकांनी ‘पुढे’ दाबलं. विधानात ‘आणि’ आला की ते दोन विधानांत फोडा. कोणतं विधान दाखवायचं, कोणतं गाळायचं, हा अधिकारही आयोजकाकडेच असतो. हा अधिकार एकट्या माणसाने वापरू नये. आम्ही रस्ता बंद व्हावा असं म्हणणारा एक आणि नको म्हणणारा एक असे दोघे नेमले आणि गाळलेलं प्रत्येक विधान कारणासह वहीत उतरवलं.

लॉगिनची सक्ती ठेवली नाही तर एकाच माणसाला दोन फोनवरून मत देता येतं. सक्ती ठेवली तर म्हातारी माणसं गळतात. आम्ही सक्ती ठेवली नाही. तीन संध्याकाळी माझा फोन घेऊन घरोघर फिरले, विधानं वाचून दाखवली आणि लोक सांगतील ते दाबायचं ठरवलं. प्रत्येक घरासाठी ब्राउझरची नवी खाजगी खिडकी उघडावी लागली, नाहीतर सगळी मतं माझ्याच नावावर गेली असती. आणि एवढं करूनही, जे आले तेच मोजले गेले. हा कौल नाही. निवेदनात मी तसं स्पष्ट लिहिलं.

माझी खरी तक्रार निवेदन दिल्यानंतरची आहे. अहवाल, नकाशा, गाळलेल्या विधानांची वही, सगळं जोडून संबंधित कार्यालयात दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. फुटपाथचं काय झालं असं लोक मला जिन्यात अडवून विचारत आणि माझ्याकडे सांगायला काही नसे. तीनशे घरांना एकदा बोलतं करून गप्प बसवणं हे त्यांना कधीच न विचारण्याहून वाईट आहे, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी ते लिंक उघडणार नाहीत.

या बाबतीत दुसरी साधनं पुढे आहेत. बार्सिलोनात 2016 साली सुरू झालेलं डेसिदिम (कॅटलान भाषेत ‘आपण ठरवतो’) हेही मुक्त सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक सूचनेसमोर प्रशासनाला ‘स्वीकारली’, ‘नाकारली’ किंवा ‘विचाराधीन’ अशी नोंद करून कारण लिहिता येतं आणि स्वीकारलेलं काम किती टक्के झालं ते सगळ्यांना दिसतं. ब्रिटिश संसदेच्या याचिकांवर 10,000 सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, 1,00,000 झाल्या की सभागृहात चर्चेसाठी विचार होतो. तैवानच्या जॉइन या सरकारी व्यासपीठावर 60 दिवसांत 5,000 पाठिंबे मिळाले की खात्याला उत्तर द्यावंच लागतं. माणसं काय म्हणतात ते पोल.इस या सगळ्यांपेक्षा चांगलं ऐकतं. ऐकलेलं कुणाच्या टेबलावर जाणार आणि किती दिवसांत, याला त्यात रकानाच नाही.

म्हणून पाचपैकी साडेतीन. छोट्या संस्थेने जरूर वापरावं. वीस-पंचवीस माणसं असतील तर मात्र सतरंजी टाकून बसा, इतक्या कमी मतांत पडलेले गट फसवे असतात.

कचऱ्याच्या गाडीच्या वेळेवर दुसरी चर्चा पुढच्या सोमवारी उघडतोय. या वेळी लिंक पाठवण्याआधी कार्यालयात चार खेपा घातल्या आणि लेखी उत्तराची तारीख कागदावर सहीनिशी घेतली. चर्चेच्या पहिल्या पानावर प्रश्नाखाली तीच तारीख टाकली आहे.