एक्सडब्ल्यूयूडी (पडद्याचं साठवलेलं चित्र दाखवणारी लिनक्सची कमांड): जिनिंगच्या सीझनभर वापरून झाल्यावर

जळगाव-धरणगाव-चोपडा पट्ट्यातल्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. जवळपास सगळीकडे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, जुन्या मशीन, ४ जीबी रॅम. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की ट्रॅक्टरची लाईन गेटच्या बाहेर जाते आणि मग फोन सुरू, "भाऊ, काट्यावर काहीतरी लाल पट्टा उना". आता लाल पट्टा म्हणजे नेमकं काय ते फोनवर कळत नाही, आणि मोबाईलने काढलेला पडद्याचा फोटो आला की त्यात नुसत्या लाटा लाटा दिसतात. वजनातला दशांशाचा टिंब तर हमखास गायब. क्विंटलच्या हिशोबात टिंब गायब म्हणजे काय होतं ते शेतकऱ्याला विचारा.

म्हणून हा पूर्ण सीझन एक्सडब्ल्यूडी आणि एक्सडब्ल्यूयूडी ही जोडी वापरली. पहिली कमांड पडदा जसाच्या तसा फाईलमध्ये उतरवते, दुसरी ती फाईल उघडून खिडकीत दाखवते. एमआयटीत तयार झालेल्या एक्स विंडोसोबत (लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) या दोन्ही पूर्वीपासून येतात, डेबियन-उबुंटूवर एक्स११-अ‍ॅप्स नावाचं पॅकेज टाकलं की झालं. इथे लिहितोय ते मुख्यतः दुसरीबद्दल, कारण पडद्याचा फोटो काढणारे प्रोग्रॅम ढीगभर आहेत, पण दाखवणारा इतका साधा मला दुसरा मिळाला नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे -इन देऊन फाईलचं नाव सांगितलं नाही तर तो सरळ पाईपमधून वाचतो, पाईप म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी | ही खूण. म्हणजे मी घरून एसएसएच करतो (नेटवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय), पलीकडे डिस्प्ले :०, म्हणजे तिथला पहिला पडदा, धरून एक्सडब्ल्यूडी -रूट चालवतो आणि अलीकडे | एक्सडब्ल्यूयूडी, की काट्यावरचा पडदा माझ्यासमोर हजर, मध्ये कुठेही फाईल नाही, कॉपी करणं नाही, उघडणं नाही. पलीकडे ज्या युजरचं सेशन चालू आहे त्याच युजरने लॉगिन करायचं, नाहीतर एक्स सर्व्हर (पडदा सांभाळणारा एक्स विंडोचा प्रोग्रॅम) दारातूनच परत पाठवतो. टिंब दिसतो, लाल पट्ट्यातला मजकूर वाचता येतो, तारीख चुकीची असली तर तीही दिसते. कारण जो पिक्सेल तिकडे तोच इकडे, मध्ये कुणी फोटो दाबून लहान करत नाही.

आता याचीच दुसरी बाजू. दाबत नाही म्हणजे फाईल मोठी. १३६६ बाय ७६८ चा पडदा, एका पिक्सेलला ४ बाईट, म्हणजे साधारण ४.२ एमबी, आणि १९२० बाय १०८० असेल तर ८.३ एमबी. गावाकडच्या नेटवर हे जड जातं, दुपारी तर फारच. यावर उपाय सोपा आहे, एसएसएचला -सी (कॅपिटल) लावायचं म्हणजे रस्त्यात दाबून येतं, किंवा तिकडेच जीझिपने फाईल दाबून ठेवायची आणि बघताना ती उलगडणारं झेडकॅट | एक्सडब्ल्यूयूडी. बिलिंगचा पडदा म्हणजे बहुतेक मोकळा पांढरा-राखाडी रंग, त्यामुळे दाबल्यावर खूपच लहान होतो. मी रोजचा शेवटचा पडदा असाच साठवतो, आणि काटा पावतीवरून वाद झाला की दोन दिवसांचे पडदे शेजारी शेजारी उघडतो, खिडकीची जागा ठरवणारं -जॉमेट्री देऊन एक डावीकडे एक उजवीकडे. या एका कामासाठी तरी मी हे सोडणार नाही, कारण समोर बसलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या डोळ्याने बघता येतं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. खिडकीवर कुठेही क्लिक केलं की प्रोग्रॅम बंद! माऊस जरा सरकवायला गेलं आणि बोट लागलं की गेलं सगळं. -नोक्लिक लावलं की हे थांबतं, मग क्यू दाबून बंद करायचं. मी तर आलियसच (कमांडचं छोटं नाव, ऑप्शनसकट) करून ठेवलाय, नवीन माणसाने पहिल्या दिवशीच करावा. दुसरं, -स्केल दिल्याशिवाय चित्र खिडकीबरोबर लहानमोठं होत नाही, आणि दिलं तरी अक्षरं फाटतात, लहान केलं की देवनागरी तर वाचवतच नाही. झूम नाही, पुढचं-मागचं चित्र नाही, फोल्डर उघडणं नाही. एक फाईल, एक खिडकी, बस. -डम्पहेडर मात्र कामाचं, चित्र न दाखवता नुसती लांबी-रुंदी, रंगांची डेप्थ आणि खिडकीचं नाव सांगतो, मोठ्या साठ्यात फाईल कुठल्या खिडकीची हे शोधायला बरं पडतं. बाकीचे बरेच ऑप्शन जुन्या ८-बिट रंगांच्या पडद्यांसाठी आहेत, मला लागले नाहीत.

बिलिंगची नवीन आवृत्ती घरी तपासताना एक्सव्हीएफबी वापरतो, म्हणजे मॉनिटर नसलेला खोटा पडदा. त्याला -एफबीडीर देऊन फोल्डर सांगितलं की तो आपला पडदा याच फॉरमॅटमध्ये तिथे ठेवतो, एक्सव्हीएफबी_स्क्रीन० नावाने, आणि ती फाईल एक्सडब्ल्यूयूडी थेट उघडतो. आपोआप ताजं होत नाही, परत चालवावं लागतं, तरी भारी वाटतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, दुसऱ्याचा पडदा न विचारता ओढू नका. एक्सडब्ल्यूडी सुरुवातीला एकदा आणि संपल्यावर दोनदा बेल वाजवतो. ती बंद करायला -सायलेंट आहे पण मी ते लावत नाही, आणि बऱ्याच मशीनवर बेल ऐकूच येत नाही म्हणून आधी फोन करून विचारतोच. काट्यावरच्या पोराने बँकेचं पान उघडलेलं असलं तर तेही जसंच्या तसं येणार.

कुणाला पाठवायचं असेल तर इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅमने पीएनजी करून घ्या, मोबाईलवर ही फाईल उघडत नाही. वेलँडवाल्यांनी (एक्स विंडोच्या जागी आलेली नवी यंत्रणा) मात्र या जोडीच्या नादी लागू नये, एक्सडब्ल्यूयूडी एक्सवेलँडमधून (वेलँडवर जुने एक्सचे प्रोग्रॅम चालवणारी सोय) चित्र दाखवेल पण एक्सडब्ल्यूडीला वेलँडच्या खिडक्या पकडताच येत नाहीत. उबुंटूने २५.१० मध्ये ग्नोम या आपल्या डेस्कटॉपचं एक्सऑर्ग सेशन, म्हणजे एक्स विंडोवर चालवायची सोय, काढून टाकलंय, त्यामुळे काट्यावरच्या मशीन मी एक्सएफसीईवरच ठेवल्यात, आणि कापूस चालू असेपर्यंत कुणी अपग्रेड करा म्हटलं तरी हात लावत नाही.