तैलरंग की ॲक्रिलिक? कोकणच्या दमट हवेत गूढ-भयाण चित्र रंगवताना

एक चित्र डोळ्यांसमोर आणा: भरतीच्या पाण्यावर तरंगणारा सोललेला नारळ. शेंडी काढली की त्याचे तीन डोळे उघडे पडतात आणि नारळाची कवटी होते. बळीच्या जागी नारळ फोडायची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला हे प्रतीक समजावून सांगावं लागत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे बसून हे चित्र कशात रंगवायचं ते ठरवताना दोन गोष्टी बघायच्या: चित्रातली भीती नेमकी कुठे आहे, आणि हवा काय म्हणते.

भीती धूसर कडेत असेल तर तैलरंगच घ्या. डोळ्याच्या खोबणीची कडा दुसऱ्या दिवशीही ओली असते. मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच फिरवली की उजेड अंधारात कुठे विरला ते कळत नाही. खोबणीत ट्यूबमधला काळा थेट भरू नका, तो भोक बुजवल्यासारखा सपाट दिसतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून पातळ थर एकावर एक चढवले तर नजर आत जाते. पोलंडचा चित्रकार झ्जिस्वाव बेक्सिन्स्की असलीच भयाण दृश्यं हार्डबोर्डवर तैलरंगात रंगवत असे, आणि चित्रांना नावं देत नसे. अर्थ चित्रातच मुरलेला हवा, ही शिकवण त्यातून घ्यावी.

ॲक्रिलिकची ताकद वेगळी. प्रतीक सपाट, ठळक रेषेचं, सावंतवाडीच्या गंजिफ्यातल्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरच्या) आकृतीसारखं हवं असेल तर कडा धारदार येते आणि तासाभरात त्यावर पुढचा थर देता येतो. मात्र सुकल्यावर रंग थोडा गडद होतो. भयाण चित्रात आधीच सगळं काळोखात असतं, त्यामुळे ओलं असताना छान दिसलेला तपकिरी आणि निळ्यातला फरक सुकल्यावर एकच डाग होऊन बसतो. गडद छटा एक पायरी उजळ मिसळा. पाणी निम्म्याहून जास्त घालू नका, चिकटपणा जातो. अधिक पातळ हवं तर ग्लेझिंग मीडियम (पारदर्शक थरासाठी रंगात मिसळायचा द्रव) वापरा.

जून ते सप्टेंबर दोघांचीही परीक्षा. ॲक्रिलिक पाणी उडून सुकतं, म्हणून जाड थरावर साय धरते आणि आत ओल राहते. त्यावर मीडियम फासलं तर दुधाळ झाक कायमची अडकू शकते. सुकलेली चित्रंही एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवू नका, चिकटतात. तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन सुकतो. अंबर लवकर धरतो, आयव्हरी ब्लॅक फार रेंगाळतो. काळ्याचा जाड थर खाली आणि पटकन सुकणारा रंग वर असं झालं की वरचा थर तडकतो. खाली कमी तेलाचा, वर जास्त तेलाचा, हा क्रम मोडू नये. पावसात खिडक्या बंद ठेवून टर्पेंटाइन वापरू नका. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवूनच टाका.

पाया मात्र रंगाहून महत्त्वाचा. सुती कॅनव्हास पावसाळ्यात कधी सैल, कधी ताठ होतो. ॲक्रिलिकचा लवचीक थर ते सोसतो, तैलरंगाचा कडक थर सोसत नाही. तैलरंगासाठी ६ मिमी मरीन प्लाय घ्या, वर सुती कापड चिकटवा (नाहीतर लाकडाच्या रेषा वर उमटतात), मागची बाजू आणि कडाही बंद करा, मग जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) ३ हात, मधे २२० नंबरचा पॉलिश पेपर. कॅनव्हासच वापरायचा तर साध्या लोखंडी खिळ्यांऐवजी तांब्याचे किंवा स्टेनलेस घ्या, खाऱ्या हवेत गंजाचे डाग पुढे येतात. चिऱ्याच्या भिंतीवर टांगताना मागे बुचाचे तुकडे लावून दोन बोटं फट ठेवा. बुरशी मागूनच धरते.

टेम्पेराही (रंगाची पूड अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रवात कालवून केलेला रंग) मनात येईल, कोलकात्याचे चित्रकार गणेश पाईन यांनी टेम्पेरात मृत्यूची चित्रं केली. पण बलकातल्या टेम्पेरावर दमट हवेत बुरशी धरू शकते.

दोन्हींतलं हवं असेल तर खाली ॲक्रिलिक, वर तैलरंग. नारळ, पाणी, क्षितिज ॲक्रिलिकमध्ये पातळ बसवून २-३ दिवस पूर्ण सुकवा, मग फक्त खोबण्या आणि सावल्या तैलरंगात. उलटं कधीही नाही, तेलावर ॲक्रिलिक पापुद्र्यासारखं सुटतं. निर्णय अडलाच असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू.

व्हार्निशची घाई करू नका. तैलचित्राला किमान ६ महिने, जाड थर असेल तर वर्ष द्या. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार निवडा. दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी वाफ धरते, आणि ती सगळ्यात आधी दिसते नारळाच्या त्या तीन काळ्या खोबण्यांत.