कंत्राट व्यवस्थापन शिकायचंय: ऑनलाइन प्रमाणपत्र की शनिवार-रविवारचा वर्ग?

साइट किंवा बिलिंग सांभाळून आता कंत्राटाच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या इंजिनिअरांपुढे साधारण दोन वाटा असतात: आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला सुट्टीच्या दिवशी भरणारा वर्ग. मी दोन्ही केलेत. फी, कालावधी माहितीपत्रकात मिळेल.

मजकुरात ऑनलाइन सरस आहे, यात वाद नाही. फिडिक, म्हणजे सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. त्यांच्या बांधकाम कंत्राटाच्या नमुना अटींचं १९९९ चं रेड बुक आणि २०१७ ची आवृत्ती शेजारी ठेवून शिकवतात. जादा पैसे किंवा मुदतीच्या दाव्याची नोटीस २८ दिवसांत दिली नाही तर कंत्राटदाराचा हक्क जातो, आणि २०१७ पासून हेच बंधन मालकालाही (काम देणाऱ्यालाही) लागू झालं, हे मला तिथेच नीट उमगलं.

पण परीक्षा सगळी बहुपर्यायी प्रश्नांची. ‘२८ दिवस’वर खूण केली की गुण मिळाले. ती नोटीस लिहायला कुणी सांगत नाही, आपण होऊन लिहिली तरी तपासणारं कुणी नाही. आपलं निम्मं काम पत्रांचं असताना हे मला फार खटकलं, आणि माझा कौल तिथेच ठरला.

वर्गात शिकवायला बांधकाम विभागातले निवृत्त कार्यकारी अभियंता होते. पहिलाच गृहपाठ बी-१ या सरकारी कामांच्या नमुना निविदेतल्या कलम ६ चा: परतीच्या पावसानं काळ्या मातीतलं काम थांबलंय, मुदतवाढ मागा. अडथळा आल्यापासून ३० दिवस किंवा कामाची मुदत, यातलं जे आधी संपेल त्याच्या आत अर्ज द्यावा लागतो. ‘सततच्या पावसामुळे’ असं लिहिलेलं प्रत्येक पत्र सरांनी लाल शाईनं भरून परत दिलं. कुठल्या साखळी क्रमांकापासून (चेनेज, कामाच्या लांबीवरचं ठिकाण) कुठपर्यंत? कुठली बाब थांबली? पर्जन्यमानाची नोंद जोडली का? साइट ऑर्डर बुकात काही आहे का? मुदतवाढ अडली की उशिराबद्दलची कलम २ खालची वसुली थेट बिलातून होते, म्हणून ही चिकाटी.

वर्गाच्या उणिवाही आहेत. नोट्स जुन्या झेरॉक्स, १९९६ च्या लवाद कायद्यातले २०१५ चे बदल घाईत उरकले जातात. लातूर-नांदेडहून येणाऱ्यांचे प्रवासातच हाल होतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत वर्गाच्या प्रमाणपत्राला फारसं वजनही नसावं.

त्यामुळे आखातात जायचं असेल किंवा परदेशी कंपनीच्या प्रकल्पावर काम करायचं असेल, तर ऑनलाइनच घ्या. बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद यांची कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडे असाल, तर माझ्या मते आधी वर्ग करावा, फिडिक नंतर सवडीनं वाचता येतं. फक्त फी भरण्याआधी मागच्या बॅचची तपासलेली पत्रं बघायला मागा. ती नसतील, तर त्या वर्गासाठी प्रवास करण्यात अर्थ नाही.