शॉकअप, बुश आणि लाहौलची थंडी: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या मे महिन्यात गाडीचे चारही शॉकअप बदलले, सोबत पुढचे स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश (दोन भागांच्या जोडावर बसणारे मऊ तुकडे) आणि लिंक रॉड पण, म्हणजे सस्पेन्शनचेच बाकीचे पार्ट. स्टॅबिलायझर बारचे (वळणात गाडी कलू न देणारा लोखंडी दांडा) बुश मात्र उस्तादने (आमचे भांडुपचे मेकॅनिक, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात) रबरी न टाकता पॉलियुरेथेनचे टाकले, म्हणजे ज्याला सगळे पीयू म्हणतात ते. तेव्हाच लिहिणार होतो पण नवीन शॉकअप पहिले दोन महिने सगळ्यांनाच भारी वाटतात, म्हटलं पावसाळा जाऊ दे मग बोलू. आता पावसाळा पण झाला आणि डिसेंबरअखेर हीच गाडी घेऊन हिमाचलमध्ये मनाली आणि पुढे लाहौल खोऱ्यातलं सिस्सू, केलाँग करून आलो, आणि खरं सांगायचं तर जे शिकलो ते तिकडच्या थंडीतच शिकलो. गाडी डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, शॉकअप गॅसचे ट्विन ट्यूब (आत तेलासोबत दाबाखालचा गॅस, एकात एक दोन नळ्या), कंपनी फिटिंगच्याच मापाचे, लिफ्ट किट वगैरे काही नाही.

मुंबईत काय होतं ते सगळ्यांना माहितीये. एलबीएस रोड, घोडबंदर, पेव्हर ब्लॉक उखडलेले, काँक्रीट आणि डांबराच्या मधली ती पायरी. जुने शॉकअप गेले होते ते यातच. नवीन टाकल्यावर फरक असा की पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि चाक त्यात गेलंच तरी धप आवाज येऊन गाडी एकदाच बसते, नंतर डुलत राहत नाही. मागच्या सीटवर आई बसते, तिची कंबरदुखीची तक्रार खूपच कमी झाली, माझ्यासाठी हाच मोठा रिव्ह्यू आहे. पूर्ण पावसाळ्यात एकही आवाज नाही.

आता थंडी. आपल्याला खरी थंडी माहितीच नाही, सांताक्रुझचा रेकॉर्ड ७.४ डिग्री आहे आणि तोपण २२ जानेवारी १९६२ चा. आपल्याकडच्या गाड्या आयुष्यभर वीस ते पस्तीसमध्ये फिरतात. अटल टनेल (९.०२ किलोमीटर, २०२० ला सुरू झाला) पार करून लाहौलमध्ये शिरलं की दुसरीच दुनिया आहे. केलाँगला सकाळी गाडी काढली तेव्हा डॅशवर उणे ११ दाखवत होतं. हॉटेलच्या गेटपाशी छोटी गटाराची जाळी आहे, त्याच्यावरून जाताना पुढून असा कर्रर्र कुईं आवाज आला की बायको म्हणाली काहीतरी तुटलं. आणि राइड एकदम कडक, बारीक बारीक दगडपण स्टीअरिंगमध्ये जाणवत होते, जसं काही कोणी सस्पेन्शन वेल्ड करून टाकलंय.

माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की शॉकअप गेले. पण दहाएक किलोमीटर चालवल्यावर राइड बऱ्यापैकी नॉर्मल झाली, आवाज मात्र तसाच. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

कडकपणाचं कारण तेल. शॉकअपच्या आत तेल असतं, ते बारीक भोकांच्या व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि त्यातूनच उसळी मरते. थंडीत ते तेल घट्ट होतं, गोठत नाही पण जड होतं, मग भोकातून हळू जातं आणि गाडी कडक वाटते. शॉकअप उसळीची ताकद उष्णतेतच बदलत असतो, त्यामुळे थोडं चालवलं की तेल स्वतःच गरम होऊन पातळ होतं. म्हणून सकाळची पहिली काही किलोमीटर हळू चालवा, तेवढं पुरतं. आणि इथे एक गंमत नाही तर धोका आहे, बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा डुलते ते बघायची जी टेस्ट आपण करतो, ती गारठलेल्या गाडीवर करू नका. तेल घट्ट असल्याने मेलेला शॉकअपपण चांगला वाटू शकतो. गाडी फिरवून आणल्यावर करा.

आवाजाचं कारण केलाँगच्याच एका मेकॅनिकने पाच मिनिटांत सांगितलं. त्याने गाडीखाली डोकं घातलं, मला पुढून गाडी हलवायला सांगितली, आणि मग किटलीतलं कोमट पाणी स्टॅबिलायझरच्या डाव्या बुशवर ओतलं. आवाज बंद. उजव्या बुशवर ओतलं, तिकडचापण बंद. म्हणाला, "शॉकर ठीक है साहब, ये बुश बोल रहा है." तेच पीयू बुश. पीयू मुळातच रबरापेक्षा कडक, थंडीत अजून कडक होतं, आणि आतलं ग्रीस सुकलं की लोखंडी बारवर घासून किंचाळतं. रबरी बुशपण थंडीत कडक होतो, पण तो बारला धरून बसतो आणि स्वतःच पिळतो म्हणून घासणं कमी. पाणी ओतल्यावर त्याने लगेच फडक्याने पुसून पण घेतलं, नाहीतर तिथेच बर्फ झाला असता. मला तो माणूस फार आवडला, पैसे घेत नव्हता, बळेच दिले.

त्याने अजून एक दाखवलं जे मला महत्त्वाचं वाटतं. मागच्या उजव्या शॉकअपचं डस्ट कव्हर (आतबाहेर होणाऱ्या रॉडला झाकणारं) खालून फाटलं होतं, बहुतेक पावसाळ्यातच कधीतरी दगड लागून. मुंबईत याने लगेच काही बिघडत नाही, हळूहळू चिखल आणि रेती आत जाते एवढंच. तिकडे मात्र रस्त्यावरचं अर्धवट वितळलेलं बर्फ रॉडवर उडतं, रात्री घट्ट बसतं, आणि सकाळी शॉकअप दाबला गेला की तो बर्फ थेट आतलं तेल अडवणाऱ्या सीलच्या ओठावर घासतो. सील आधीच थंडीने कडक झालेलं. तेल गळायला सुरुवात होते ती अशी. म्हणून पहाडात जायच्या आधी चारही कव्हर बघून घ्या, शॉकअपच्या किमतीसमोर ते काहीच नाही.

टायरचं पण सांगतो कारण कडक राइडमध्ये त्याचा वाटा असतो. थंडीत हवा कमी होते, साधारण साडेपाच डिग्रीला एक पीएसआय. पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो म्हणून गेजवरचा आकडा थोडा वर जातो. त्यामुळे मुंबईत भरलेले ३३ तिकडे ३१ च्या आसपास दिसले. तिकडे सकाळी थंड टायरवर बघून तेवढेच भरायचे आणि खाली उतरल्यावर परत चेक करायचे, कारण मैदानात गरम हवेत ते वाढतात. डिझेलचा विषय वेगळा आहे, पण मुंबईचं डिझेल टाकीत घेऊन थेट उणे तापमानात जाऊ नका, वाटेत तिकडचं हिवाळी डिझेल भरा, आम्ही तेच केलं आणि काही त्रास झाला नाही.

परत आल्यावर गाडी एका सर्व्हिस सेंटरला दाखवली, नाव घेत नाही. त्यांनी लिफ्टवर घेतलं आणि पुढचे दोन्ही शॉकअप थंडीने लीक झालेत, बदला म्हणून एस्टिमेट हातात दिलं. एका रॉडभोवती तेलाचा पातळ ओलसर थर होता, धूळ चिकटलेली, बस. हे वाचून कोणाचे पैसे वाचणार असतील तर नीट सांगतो: असा थर चालतो, सील थोडं तेल रॉडला लावतंच. लीक म्हणजे तेलाचा ओघळ शॉकअपच्या खालपर्यंत आलेला. उस्तादने दोन्ही स्वच्छ पुसले, आठवडाभर ऑफिसला जाऊन येऊन कर म्हणाले, परत बघितलं तर पुढचे दोन्ही कोरडे. मागचा उजवा, ज्याचं कव्हर फाटलं होतं, तोच खालपर्यंत ओला झाला होता. मागची जोडी बदलली, एका ॲक्सलवर एक नवा एक जुना ठेवायचा नाही म्हणून दोन्ही. चार ऐवजी दोन बदलायला मिळाले हेच खूप झालं. बाकी पुढचे अजून मस्त चालतायत.

तर गॅसचे शॉकअप, माझ्याकडून पूर्ण शिफारस, मुंबईसाठी आणि थंडीसाठी दोन्ही. लोअर आर्मला रबरी बुशच ठेवा. पीयू ज्यांना हायवेवर वळणात गाडी टाइट हवी त्यांनी टाकावेत, पण हिवाळ्यात हिमाचल, काश्मीर करायचं असेल तर आधी काढून सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवून घ्या. साधं ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे कुठल्याही बुशवर मारू नका, रबर फुगतं आणि दोन दिवस शांत राहून नंतर जास्त खराब होतं.

मी पुढच्या पावसाळ्याआधी स्टॅबिलायझरचे पीयू काढून रबरीच टाकतोय. उस्ताद थोडे नाराज आहेत, त्यांना पीयूवर फार प्रेम आहे, पण जानेवारीत स्पिती करायचं ठरतंय आणि काझाला तर याच्याहून जास्त थंडी असते.