इव्होल्यूशन बोर्ड गेम: खेळायला एक नंबर, मार्कांत गडबड

उत्क्रांती म्हणजे बळी तो कान पिळी, असं ज्यांना वाटतं त्यांना आधी हा गेम खेळायला बसवा. २०१४ ला आलेला आहे, २ ते ६ जण खेळू शकतात, प्रत्येकाने पत्ते टाकून आपले प्राणी घडवायचे आणि त्यांना खायला घालायचं, पत्त्यांवर मजकूर इंग्लिशमध्ये आहे पण चित्रं इतकी भारी की पोरांचं फारसं अडत नाही.

आमच्या भाच्याने सुरुवातीलाच अंगाने सगळ्यात थोराड मांसाहारी प्राणी तयार केला आणि समोरच्यांचे प्राणी खायला लागला, सगळे हवालदिल. पुढच्या फेरीत बाकीच्यांनी क्लाइंबिंगचे पत्ते टाकले, म्हणजे त्यांचे प्राणी झाडावर, आणि याच्याकडे तो पत्ता नाही म्हणून याला वर जाता येईना. खाली पाणवठ्यावर पाला भरपूर पण मांसाहाऱ्याला तो चालत नाही, शेवटी साहेबांनी स्वतःचाच दुसरा प्राणी खाल्ला! फिटनेस, म्हणजे टिकून पिल्लं मागे ठेवायची कुवत, नुसत्या ताकदीवर नसतो, शेजारी कोण आणि खायला काय यावर ठरतो, हे तिथल्या तिथे कळतं.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ जोडप्याने हेच फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांवर मोजून दाखवलंय. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, उरली ती आपल्या सराट्याच्या जातकुळीतली टणक काटेरी फळं, ती जाड चोचीवाल्यांनाच फुटायची, बाकीचे बरेचसे मेले. मग १९८३ ला एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापल्याने, तिथे धो धो पाऊस पडला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढे छोट्या चोचीवाल्यांची चलती. आता सांगा, यातला फिट कोण?

पण गेम दोन ठिकाणी गंडतो. एक म्हणजे पत्ता बदलला की त्याच प्राण्याला लगेच नवा गुण मिळतो. दुष्काळात कुठल्या फिंचने मनावर घेऊन चोच जाड केली नव्हती, जाड चोचवाले जगले, त्यांना पिल्लं झाली, म्हणून पुढच्या पिढीची सरासरी सरकली. दुसरं म्हणजे मार्क. प्राणी नामशेष झाला तरी त्याने खाल्लेलं शेवटी मोजतात, म्हणजे खादाडाची चांदी. खऱ्या हिशोबात मागे पिल्लं किती राहिली ते बघतात, मोराचा पिसारा जीव वाचवायला अडचणच, पण लांडोर भाळली की वसूल. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने तर १९६४ ला नातेवाइकांना मदत करून वाढलेली पिल्लंही त्यात धरली. इथे को-ऑपरेशनच्या पत्त्याने शेजारच्या प्राण्याला अन्न मिळतं, छान आहे, पण नात्यागोत्याची भानगडच नाही.

नियम डोक्यात बसेपर्यंत पहिला डाव वाया जातो आणि दोघांत तेवढी मजा येत नाही, चार जण तरी जमवा. पाचपैकी चार स्टार. आम्ही आता शेवटी जिवंत पॉप्युलेशनला, म्हणजे उरलेल्या प्राण्यांच्या संख्येला, डबल मार्क देतो, खाण्याला निम्मे, त्यामुळे भाचा जरा वैतागलाय.